शहरात बिऱ्हाड थाटणाऱ्या बांधवांस

पोटासाठी गाव सोडून शहरात जाणे ही आमच्या शेतकरी व कारागीर वर्गात नवलाची गोष्ट राहिलेली नाही. चार भावांत वाटणी होऊन ज्याच्या वाट्याला एक एकर कोरडवाहू आली, कारखान्याच्या तयार फाळाने ज्या लोहाराचा भाता थंड केला, प्लॅस्टिकच्या घागरीने ज्या कुंभाराचे चाक थांबविले, तयार कपड्यांच्या दुकानाने ज्या शिंप्याचे गिऱ्हाईक पळविले, त्याने पुण्या-मुंबईची वाट धरली तर त्यास कोणी नावे ठेवू नयेत. गाव सोडला म्हणून माणूस हलका होत नाही. ज्यांचे नाव आम्ही आदराने घेतो त्या जोतीराव फुल्यांचे घराणेही मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. ते खानवडीस आले, तेथून पुण्यास आले, आणि फुलांच्या धंद्यात शिरल्यामुळे गोऱ्ह्यांचे फुले झाले. नायगावच्या सावित्रीबाई १८४० साली लग्न होऊन पुण्याच्या या घरात आल्या तेव्हा त्यांस अक्षरओळख नव्हती. पुढे आठच वर्षांनी त्याच पुण्यात त्या मुलींस शिकवू लागल्या. परके शहर माणसाला गिळते तसे ते घडवितेही.

आम्हांस आज विचारावयाचे आहे ते निराळेच आहे. मुलगा एस.टी.त बसला, की घरच्या माणसांस वाटते, लागला एकदाचा मार्गाला! वास्तविक त्याची कसोटी तो एस.टी.तून उतरतो तेव्हा सुरू होते. बियाणे कोणत्या नक्षत्रात पेरावे, बैलाचे दात कसे पाहावेत, लाकूड कोणत्या बाजूने तासावे, हे आम्ही मुलांस शिकवितो; पण शहरात गेल्यावर पहिल्या वर्षात काय करावे व काय करू नये, हे कोणी शिकवीत नाही. भाकरी, चटणी आणि कोणा गाववाल्याचा मोबाईल नंबर एवढी शिदोरी बांधून देतो आणि मोकळे होतो.

या गाववाल्याविषयीच आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, शहरात शिरताना गाववाल्याचा हात जरूर धरावा. परंतु वर्ष उलटण्यापूर्वी आपले नाव, आपला हिशेब आणि आपले शेजारी आपण स्वतः उभे करावेत. जो असे करीत नाही तो शहरात वीस वर्षे राबला तरी तेथे पाहुणाच राहतो, आणि गावीही चार दिवसांचा पाहुणाच ठरतो.

गाववाल्याचा आधार ही लहान गोष्ट नव्हे, हे आम्ही प्रथमच कबूल करितो. मुंबईस पहिली कापडगिरणी १८५४ साली निघाली. तेव्हापासून सातारा, रत्नागिरी, पुणे, नगर, कोल्हापूर या बाजूची माणसे तेथे जाऊ लागली ती एकामागून एक, पहिल्याने दुसऱ्याचा हात धरून. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईतील दर दहा माणसांत आठांहून अधिक माणसे मुंबईबाहेर जन्मलेली निघाली. एवढ्या माणसांना डोके टेकावयास जागा कोणी दिली? सरकारने दिली ती थोड्यांस. गिरणीमालकांनी दिली ती त्याहून थोड्यांस. बहुतेकांस जागा दिली ती गावकऱ्यांच्या गाळ्याने. एका खोलीत वीस-वीस, पंचवीस-पंचवीस माणसे, भिंतीशी ट्रंका, खुंटीला पिशव्या. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागी पथारी टाकी. जेवण खानावळवाल्या बाईकडे, आणि तिचे पैसे पगार झाल्यावर. गोव्याच्या खलाशी व आचारी बांधवांनीही धोबीतलाव, माझगाव या भागांत आपापल्या गावाचे ‘कूड’ उभे केले. बोट लागेपर्यंत किंवा काम मिळेपर्यंत गावच्या माणसाने तेथे अंग टाकावे. गावात शाळेची खोली बांधणे असो, देवळाचा जीर्णोद्धार असो, आजारी माणसास घरी पोचविणे असो, या मुंबईकर मंडळ्यांनी वर्गणी काढून कामे पार पाडली आहेत. गाव करील ते राव काय करील, ही म्हण त्यांनी शहरात खरी करून दाखविली.

पण या चित्रास दुसरी बाजू आहे, आणि ती आमच्या लोकांस सांगितली जात नाही. गिरणीत नोकरी लावी तो जॉबर. तो पुष्कळदा आपल्याच गावचा, आपल्याच नात्याचा. बायकांच्या खात्यात नायकीण असे. कामावर घेणे त्याच्या हाती, काढणे त्याच्या हाती. रजा, बदली, बढती, सगळे त्याच्याच हाती. नव्या माणसाने त्यास दस्तुरी द्यावी, अडीनडीला त्याच्याचकडून व्याजाने पैसे घ्यावेत, आणि तो सांगेल तेथे राहावे. सरकारने १९२९ साली जे शाही मजूर कमिशन नेमले त्याने १९३१ च्या आपल्या अहवालात जॉबरांच्या या लाचखोरीवर बोट ठेविले आणि कामावर घेण्याचा व काढण्याचा अधिकार त्यांच्याकडून काढून घ्यावा, अशी शिफारस केली. म्हणजे ज्या हाताने नवख्यास बोटीतून किंवा गाडीतून उतरवून घेतले, तोच हात पुढे त्याच्या गळ्याभोवती पडला.

दुसरी गोष्ट याहून लाजिरवाणी आहे. आमच्या लोकांनी वळकटीबरोबर गावची जातही शहरात नेली. गिरणीच्या विणकामखात्यात पगार चांगला. पण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागतो, एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडास लागतो, म्हणून त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या बांधवांस शिरू देत नसत. घाम सर्वांचा सारखा, धूर सर्वांच्या छातीत सारखाच जातो, आणि धागा मात्र विटाळतो! १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघड मांडला, तेव्हा पुष्कळांस तो अडचणीचा वाटला. गाववाल्यांच्या गोतावळ्यात राहून माणूस मुंबईत गेला, परंतु त्याचे मन गावकुसाच्या बाहेर पडले नाही, त्याचा हा पुरावा होय.

आज गिरण्या गेल्या, जॉबर गेला. मग हे जुने पुराण कशासाठी, असे कोणी विचारील. जॉबर गेला, पण त्याची गादी रिकामी नाही. बांधकामावरचा मुकादम, माणसे पुरविणारा ठेकेदार, खोल्या देणारा दलाल, सुरक्षारक्षकाची नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे घेणारा एजंट, ही त्याचीच भावंडे आहेत. आणि तोही पुष्कळदा कोणाचा तरी मामा, कोणाचा तरी साडू असतो. आमच्या मुलाच्या मजुरीचे पैसे मुकादमाच्या खात्यात, खोली मुकादमाच्या नावावर, आधारकार्डही ‘हरवेल म्हणून’ मुकादमाच्या पेटीत! मुलगा पाच वर्षांनी परत येतो तेव्हा तो इतके दिवस कोठे राहिला व कोठे राबला, हे दाखविणारा कागदाचा एक चिटोरा त्याच्याजवळ नसतो. बंधूंनो, यास आधार म्हणावयाचे की वेठ?

तेव्हा पहिल्या वर्षात करावयाच्या गोष्टी आम्ही येथे स्पष्ट मांडितो. त्यांत फारसा पैसा लागत नाही; चिकाटी मात्र लागते.

पहिली गोष्ट राहत्या जागेची. भाड्याने खोली घेताना करार लेखी व नोंदलेला असावा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे असा करार लेखी करून नोंदविणे बंधनकारक आहे व तो नोंदविण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. ती त्याने टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. शिवाय नोंदलेला लेखी करार नसेल तर भाड्याच्या अटींविषयी राहणारा जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. ‘आपल्यातलेच आहेत, कागद कशाला?’ असे म्हणणाऱ्यास नम्रपणे सांगावे की, आपल्यातलेच आहेत म्हणूनच कागद करू. म्हणजे पुढे भांडण नको. झोपडपट्टीत कोण करार करून देतो, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. तेथे निदान अनामत व भाडे हाती न देता बँकेतून किंवा मोबाईलवरून द्यावे, म्हणजे दिल्याची खूण राहते. हाती दिले तर पावती मागावी. पावती मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. गावच्या सोसायटीत आपण मागतोच ना?

दुसरी गोष्ट धान्याची. पुष्कळांची समजूत अशी आहे की, रेशनचे धान्य गावच्या दुकानातच मिळते. ही समजूत आता जुनी झाली. २०१९ साली काही राज्यांत सुरू झालेली व २०२२ पर्यंत सर्व राज्यांत पोचलेली ‘एक देश, एक रेशनकार्ड’ ही सोय आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली ज्यांचे कार्ड आहे व ज्यांचे आधार त्यास जोडले आहे, त्यांस शहरातील रास्त भावाच्या दुकानात अंगठा देऊन आपला वाटा घेता येतो. आणि घरची माणसे गावी असतील तर ती आपला राहिलेला वाटा गावच्या दुकानातून घेऊ शकतात. यासाठी कार्ड बदलावे लागत नाही. दुकानदार ‘तुमचे येथे चालत नाही’ म्हणाला तर मुकाट्याने परत फिरू नये. शिधावाटप कार्यालयात जाऊन विचारावे. घरातील एखाद्याचे आधार जोडावयाचे राहिले असेल, तर ते काम गाव सोडण्यापूर्वीच उरकावे.

तिसरी गोष्ट मुलांच्या शाळेची. आम्ही खेडेगावातील शाळामास्तर आहो, म्हणून येथे अधिकाराने बोलतो. दिवाळी झाली की आमच्या वर्गातील एक-दोन मुले येईनाशी होतात. चौकशी केली म्हणजे कळते, आईबाप कामास गेले व मुलांस घेऊन गेले. दाखला नेला नाही, म्हणून तेथे शाळा घेत नाही, असे सांगून मूल वर्षभर इमारतीच्या वाळूत खेळते व लहान भावंडास सांभाळते. हे सर्वस्वी अज्ञान आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलास जवळच्या सरकारी शाळेत वर्षाच्या मध्येही प्रवेश मिळाला पाहिजे. दाखला येण्यास उशीर झाला किंवा जन्माचा दाखला नाही, एवढ्यावरून त्यास नाकारता येत नाही. आणि त्यास त्याच्या वयाच्या वर्गातच बसवावयाचे असते. मुंबई महापालिकेच्या शाळा तर आठ भाषांतून चालतात. तरीही आमचे आईबापांस हात जोडून सांगणे आहे की, गाव सोडताना शाळेत येऊन सांगून जावे. मास्तर रागावतील म्हणून चोरून जाऊ नये. स्थलांतर करणाऱ्या मुलास आमच्या राज्यात शिक्षण हमी कार्ड मिळते. ते नेले म्हणजे मूल कोणत्या इयत्तेत होते व त्यास काय येते, हे नव्या गुरुजींस कळते. बैल विकताना पावती करितो, तर मुलास शाळेतून काढताना एक कागद घ्यावयास वेळ नाही काय?

चौथी गोष्ट मजुरीच्या हिशेबाची. पुण्यात मजूर अड्ड्यावर किंवा मुंबईत नाक्यावर उभे राहणाऱ्या सुताराने, गवंड्याने, रंगाऱ्याने व बिगाऱ्याने एक लहान वही खिशात ठेवावी. तारीख, कोठे काम केले, कोणाकडे केले, किती ठरले, किती मिळाले, एवढेच रोज लिहावे. लिहिता येत नसेल तर मुलाकडून लिहून घ्यावे. त्याचाही अभ्यास होतो. मजुरी बुडाली तर तक्रार करावयास ही वही उपयोगी पडते, आणि न बुडाली तरी वर्षाअखेर आपण किती कमावले व किती उडविले हे डोळ्यांपुढे राहते. बांधकामावर मागील बारा महिन्यांत नव्वद दिवस काम केलेल्या अठरा ते साठ वर्षांच्या माणसास महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदविता येते. हे मंडळ २०११ पासून आहे. मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपण, अपघात यांसाठी त्याची मदत मिळते. पण नव्वद दिवसांचा दाखला लागतो, आणि तो मागावयास गेले की ठेकेदार डोळे वटारतो. येथेही वही आणि बरोबरीचे चार सोबती उपयोगी पडतात. एकट्याचे तोंड बंद करणे सोपे, दहांचे कठीण. मंडळात नाव घालून देतो म्हणून जो पैसे मागेल त्याच्यापासून मात्र दूर राहावे.

पाचवी गोष्ट मताची. ज्याचे सबंध बिऱ्हाड शहरात कायमचे गेले, त्याने मतदारयादीतील नाव तेथे न्यावे. एका माणसाचे नाव दोन ठिकाणी असू नये असा कायदा आहे. आमचे लोक ग्रामपंचायतीच्या भाऊबंदकीसाठी एका मतास गाडीभाडे घेऊन गावी येतात, आणि शहरात गल्लीतले गटार वर्षभर तुंबलेले असते! नळास पाणी का नाही हे विचारावयास गेले, की नगरसेवकाचा माणूस आधी यादीत नाव पाहतो. नाव नाही, मग सुनावणी नाही. मतदारयादीतील नाव काढले तर जमीन जाईल, अशी भीती काही लोक घालतात. ती निव्वळ थाप आहे. सातबाऱ्यावरील नावाचा व मतदारयादीचा काही संबंध नाही. मात्र जो हंगामापुरताच जातो त्याने नाव गावीच ठेवावे, हे उघड आहे.

आता घरच्या लक्ष्मीविषयी. शहरात बिऱ्हाड थाटले असे पुरुष म्हणतो. पण ते थाटते कोण? पाणी पहाटे चारला येते की रात्री अकराला, गॅस कोठे मिळतो, दवाखाना कोणत्या गल्लीत, शेजारीण कशी, हे सारे तिलाच शोधावे लागते. आणि भाषा, रस्ते, माणसे, सगळेच परके. गावी नदीवर, शेतात, जात्याभोवती चार जणी भेटत. येथे दहा बाय दहाच्या खोलीत दार लावून ती दिवस काढते, आणि नवरा म्हणतो, हिचे येथे मन लागत नाही. मन कशावर लागावे? तिला अंगणवाडी, शाळा, सरकारी दवाखाना व बाजार या चार वाटा पहिल्या महिन्यात दाखवाव्यात. बँकेचे खाते तिच्या नावाचेही असावे. भाडेकराराचा कागद कोठे ठेविला आहे व त्यात काय लिहिले आहे, हे तिला ठाऊक असावे. गिरणगावातील खानावळवाल्या बायांनी शेकडो गिरणी कामगारांस जेवू घालून आपले संसार उभे केले. पण सावकाराच्या व्याजात त्या पिळून निघत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांस एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि बँकेचे कर्ज त्यांच्यापर्यंत पोचविले, तेव्हा त्यांची मान त्या विळख्यातून सुटू लागली. त्या बाया वेगवेगळ्या गावच्या होत्या. चूल मात्र सर्वांची एक होती. शहरात नाते जोडावयाचे ते असे.

आणि येथेच आम्ही मुख्य मुद्द्यावर येतो. आपले नाव व आपला हिशेब यांविषयी सांगून झाले. राहिले आपले शेजारी. शहरात नवख्या माणसास खोली शोधताना भाड्याआधी काय विचारतात? ‘आडनाव काय?’ मग ‘तुमच्यात काय खाता?’ मग ‘खोली आताच गेली.’ हे प्रश्न फक्त उंची सोसायट्यांतच विचारितात असे कोणी समजू नये. पुण्याभोवती चाकण, हिंजवडी, वाघोली या बाजूस जमिनीस भाव आले, तेव्हा कालपर्यंत नांगर धरणाऱ्या आमच्याच काही शेतकऱ्यांनी खोल्या बांधून भाड्याने दिल्या. त्यांनी चार पैसे मिळविले याचा आम्हांस आनंद आहे. पण त्यांच्याही ओट्यावर हाच प्रश्न ऐकू येत असेल, तर वरच्यांनी आम्हांस दूर ठेविले म्हणून रडण्याचा आम्हांस काय अधिकार? मराठवाड्यातून आलेल्या मातंग बांधवाचे, विदर्भातून आलेल्या बौद्ध मुलीचे, बिहारमधून आलेल्या मुसलमान गवंड्याचे भाड्याचे पैसे खोटे असतात काय? काल आपण ज्या दारात उभे होतो त्याच दारात आज दुसरा उभा आहे. दार आपल्या हाती आल्यावर आपण काय करितो, यावरून आपली परीक्षा होते.

या बाबतीत आमच्या वाडवडिलांनी धडा घालून दिला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी ओळखले की, खेड्यातील मुलाचे शिक्षण जितके फीमुळे अडते तितकेच ते शहरातील ओसरी व दोन वेळची भाकरी नसल्यामुळेही अडते. म्हणून १९०१ साली कोल्हापुरास मराठा मुलांचे वसतिगृह निघाले, आणि पुढे एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी राहिली. परक्या गावात पहिले पाऊल टाकावयास आपल्या माणसांचा आधार लागतो, हे त्यातील मर्म होय. पण त्याच कोल्हापुराच्या वाऱ्यात वाढलेले कर्मवीर भाऊराव पाटील एक पाऊल पुढे गेले. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढून १९२४ साली त्यांनी साताऱ्यास जे वसतिगृह उघडिले, त्यात सर्व जातींची मुले एका पंगतीस बसविली व एकत्र कामास लाविली. आधी आपल्यांचा आधार, मग सर्वांची पंगत, असा हा क्रम आहे. पहिल्या पायरीवरच जो बसून राहिला त्याचे शहर त्याच्या गावाएवढेच राहते.

नारायण मेघाजी लोखंडे यांचे उदाहरण याच जातीचे आहे. १८८४ साली त्यांनी मुंबईस गिरणी कामगारांची सभा घेऊन मिल हँड्स असोसिएशन काढली. त्या सभेत साताऱ्याचा, कोकणाचा, जुन्नरचा असा भेद केला असता तर मागणीपत्रावर सह्या किती पडल्या असत्या? सर्वांची मागणी एक केली, म्हणून १८९० साली मालकांस रविवारची सुट्टी कबूल करावी लागली. आज शहरातील कोणताही मजूर रविवारी पाय पसरून बसतो तेव्हा तो कोणा एका गावाच्या गाळ्याने मिळवून दिलेली सुट्टी उपभोगीत नाही. परक्या परक्यांनी एकत्र येऊन मिळविलेली ती सुट्टी आहे.

शेवटी गावी राहणाऱ्या वडीलधाऱ्यांस दोन शब्द. शहरात गेलेला मुलगा म्हणजे दुभती म्हैस नव्हे. पहिल्या वर्षी त्याची अनामत, भांडीकुंडी, गाडीभाडे यांतच कमाई जाते. त्या वर्षी त्याच्याकडे जत्रेची मोठी वर्गणी व लग्नाचा आहेर मागू नये. त्याने कर्ज काढून पाठविले तर ते कर्ज शेवटी घरावरच येते. तसेच त्याच्या शहरातल्या खोलीच्या हौसेसाठी घाईने जमीनही विकू नये. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा जो संप सुरू झाला, त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले व पुष्कळांस पुन्हा काम मिळाले नाही. त्यांतील ज्यांचा गावी गुंठाभर का होईना तुकडा होता, त्यांच्या मुलांबाळांस निदान भाकरी मिळाली. ज्यांनी सर्व विकले होते त्यांस कोठेच थारा नव्हता. आणि कोणी हरून परत आला तर त्यास ‘मुंबईकर आले’ म्हणून पारावर बसून हिणवू नये. एक पीक बुडाले म्हणून आपण शेत सोडीत नाही; त्यासही पुन्हा पेरू द्यावे.

शहरात आधी जाऊन बसलेल्या बांधवांस आमची एवढीच विनंती आहे. गावाहून नवा मुलगा आला तर त्यास चार दिवस पथारी द्या, पण पाचव्या दिवशी त्यास रेशन दुकान, शाळा, दवाखाना व नोंदणीची कचेरी दाखवा. त्याचा कागद त्याच्या हाती ठेवा, त्याची मजुरी त्याच्या खात्यात जाऊ द्या, आणि त्याची ओळख आपल्या भाऊबंदांपुरती न ठेवता गल्लीतल्या सर्व जातींच्या माणसांशी करून द्या. ज्या वाटेने आपण ठेचाळत गेलो ती पुढच्यासाठी साफ करणे हे माणुसकीचे काम आहे. तिच्यावर नाका मांडून पट्टी वसूल करणे हा जॉबराचा धंदा आहे. दोहोंपैकी काय करावयाचे, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी ठरवावे.